हजेरीचा टक्का कसा वाचावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभांमधील उपस्थितीचा तक्ता आपण प्रसिद्ध केलात, याबद्दल मनापासून आभार. आपण ज्याला मत दिले तो सभागृहात येतो की नाही, हे जाणून घेण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे केवळ टक्केवारी होती आणि तेवढ्यावरूनच ‘कामाचा’ व ‘बिनकामाचा’ असे शिक्के मारले जाऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टक्केवारी म्हणजे एका संख्येला दुसरीने भागून आलेले उत्तर; ज्या संख्येने भागले ती सांगितली नाही, तर उत्तराला अर्थ उरत नाही. समजा, एक सदस्य कोणत्याही समितीवर नाही; वर्षभरात त्याला केवळ बारा सर्वसाधारण सभांना बोलावणे होते आणि त्यांपैकी नऊ सभांना तो हजर राहिला. दुसरी सदस्य तीन समित्यांवर आहे; तिला एकूण चाळीस सभांना जायचे होते आणि ती अठ्ठावीस सभांना गेली. तक्त्यात पहिल्याचे ७५ टक्के दिसतात आणि दुसरीचे ७०. तिने तिपटीहून अधिक सभांना उपस्थित राहूनही यादीत तिचे नाव त्याच्या खाली येते. शिवाय पोटनिवडणुकीत वर्षाच्या मध्यावर निवडून आलेल्या सदस्याच्या बाबतीत, तो निवडून येण्यापूर्वीच्या सभाही हिशेबात धरल्या गेल्या असतील, तर तो अन्यायच होय.

कायदा काय सांगतो, हेही इथे पाहायला हवे. उदाहरणादाखल, गावपातळीवरील सदस्यांसाठी असलेल्या आपल्याकडील १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ४० व्या कलमानुसार, पंचायतीची परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाते. इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीच्या १९७२ च्या कायद्यातही मुदत सहा महिन्यांचीच आहे. तिथे गैरहजेरीचे कारण परिषदेने ती मुदत संपण्यापूर्वी मान्य केलेले असावे लागते आणि समित्यांच्या सभांना लावलेली हजेरीही धरली जाते. दोन्हीकडे ही अट पद टिकवण्यापुरती आहे. सहा महिन्यांत एकदा सभागृहात येऊन गेलेला सदस्य कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही, म्हणून तो कर्तव्यदक्ष ठरत नाही. आणि आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे रीतसर रजा घेतलेली सदस्य कमी टक्केवारीमुळे कामचुकार ठरत नाही. रजा मंजूर होती की सदस्य न कळवताच गैरहजर राहिला, हा फरक तक्त्यात दिसलाच पाहिजे.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट टक्केवारीत कधीच उमटत नाही. सभेच्या सुरुवातीला हजेरीपटावर सही करायची आणि पहिले दोन विषय होताच निघून जायचे, अशा सदस्याची हजेरी कागदावर पूर्ण भरते; अंदाजपत्रकावर मतदान होते तेव्हा मात्र त्याची जागा रिकामी असते. गणपूर्तीअभावी, म्हणजे आवश्यक तेवढे सदस्य हजर नसल्याने, सभा तहकूब होते तेव्हा वेळेवर येऊन बसलेल्यांचाही दिवस वाया जातो. म्हणून हजेरीपटासोबत सभेचे इतिवृत्त वाचावे लागते: कोणी प्रश्न विचारला, कोणी उपसूचना मांडली, मतदानाच्या वेळी कोण उपस्थित होते. हे वाचन कंटाळवाणे असते, हे मी अनुभवाने सांगतो. पण सदस्याची खरी ओळख तिथेच पटते. प्रभागातील पाण्याची, गटारांची गाऱ्हाणी सोडवण्यासाठी सभागृहाबाहेर केलेली धावपळ यांपैकी कोणत्याच कागदावर येत नाही, हे मान्य आहे. तरीही ती सभेतील गैरहजेरीची सबब होऊ शकत नाही, कारण ठराव सभागृहातच होतात आणि तिथे मत देण्याचा अधिकार आपण त्याच व्यक्तीला दिलेला असतो.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी हा तक्ता छापताना सर्वसाधारण सभा आणि समित्यांच्या सभा वेगळ्या दाखवाव्यात. किती सभांना बोलावणे होते, किती सभांना सदस्य आला आणि किती वेळा मंजूर रजेवर होता, हे आकडे टक्केवारीच्या आधी द्यावेत. आणि तक्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, तेही नमूद करावे. जागा अपुरी पडत असेल, तर टक्केवारीचा रकाना वगळला तरी चालेल. बाकीच्या आकड्यांवरून ती वाचकाला स्वतः काढता येईल.

आपला,
एक नियमित वाचक