वाहाकाच्या बाजारात आम्हाला वाट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

गेस्ट हाऊसच्या दारात निरोप घेताना मी आभार मानायला लागले, तेव्हा तुम्ही मला मध्येच थांबवलंत. म्हणालात, "मला काही नको. पुढे कुणी इकडे यायचं म्हणत असेल, तर त्याला नीट सांग." म्हणून हे पत्र तुम्हाला एकटीला न पाठवता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही. ज्यांनी तुमच्याबरोबर मेक्सिकोतल्या वाहाका शहराचा बाजार पाहिलाय, ते ओळखतीलच.

आम्ही मेक्सिकोला आलो ते एक यादी घेऊन. लेकीने घरी बसून वहीत लिहिली होती: नाकतोडे, पंखवाल्या मुंग्या, निवडुंगासारख्या झाडातल्या अळ्या, मक्यावरची काणी. वर मथळा होता 'धाडसी खाणं'. अकरा वर्षांच्या मुलीला सुट्टीत काहीतरी वेगळं करायचं होतं आणि आम्हा दोघांनाही तो उत्साह आवडला होता. पण पहिले दोन दिवस फुकट गेले. पर्यटकांसाठीच थाटलेल्या एका ठिकाणी कीटकांची बशी समोर आली. मांडणी फोटोपुरती छान, पण तेलाला खवट वास होता आणि नाकतोडे मऊ पडलेले. लेकीने एक तोंडात घातला, थुंकला आणि रडायलाच लागली. त्या रात्री तिने वही बॅगेच्या तळाशी टाकली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमचं मराठी तुमच्या कानावर पडलं. सहा वर्षं तिथे मक्यावर काम करताय, हे तुम्ही सांगितलंत. आम्ही यादीचं सांगितलं. मला वाटलं, आता तुम्ही दुकानांची नावं सांगाल. तुम्ही विचारलंत, "तुमच्यापैकी कुणाला कोळंबीची ॲलर्जी आहे का?"

ह्यांना आहे. कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात. पण नाकतोड्यांचा आणि कोळंबीचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही कागदाच्या रुमालावर चित्र काढून समजावलंत. कोळंबी काय, नाकतोडा काय, दोघेही सांधेवाल्या पायांचे, कवचाचे प्राणी. दोघांच्या शरीरात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ज्याला एकाचा त्रास होतो त्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. "यांनी नाकतोडा, मुंगी, अळी यांतलं काहीही चाखायचं नाही. एक पायसुद्धा नाही," असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आमच्यात सगळ्यात उत्सुक तेच होते. त्यांचा चेहरा पडलेला पाहून तुम्ही लगेच म्हणालात, "तुमच्यासाठी दुसरं आहे. त्यात कीटक नाही आणि तेही तुम्ही कधी खाल्लेलं नसणार."

जे वाचताहेत त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगेन. अनोळखी पदार्थाच्या मागे लागण्याआधी आपल्या माणसांना काय सोसत नाही ते आठवा आणि त्या पदार्थाचं नातं कशाकशाशी आहे ते विचारा.

मग तुमच्याबरोबरची ती सकाळ. तुम्ही आम्हाला लवकर उठवलंत आणि नाश्ता करू दिला नाहीत. बाजारात शिरल्यावर थांबत नव्हतात, नुसतं बघायला सांगत होतात: कोणत्या टोपलीपाशी बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या आहेत, कुठला ढीग लवकर उतरतोय. आणि एक वाक्य पाठ करून घेतलंत, "के आय दे तेंपोरादा?" म्हणजे सध्या हंगामाचं काय आहे? मी ते तोडकंमोडकं बोलले, तरी समोरच्या बाईचा चेहरा खुलला. आधी आम्ही विचारत होतो, "तुमच्याकडे सगळ्यात विचित्र काय मिळतं?" हा प्रश्न समोरच्या माणसाला कसा लागत असेल, ते मला तुमच्या प्रश्नामुळे कळलं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "अगं, हे इथल्या लोकांचं रोजचं खाणं आहे."

त्या आजींची टोपली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तीन ढीग होते. एकात बोटाच्या पेराएवढे नाकतोडे, दुसऱ्यात त्याहून लहान, तिसऱ्यात तर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. सगळे विटकरी रंगाचे, लिंबामुळे किंचित ओलसर, मध्ये सालासकट भाजलेल्या लसणाच्या पाकळ्या. चापुलिनेस. पावसाळा सुरू होतो तेव्हा लहान आणि कोवळे मिळतात, पाऊस सरत येतो तसे मोठे येतात, हे तुम्ही सांगितलंत. पहाटेच्या गारठ्यात नाकतोडे सुस्त असतात, तेव्हा मक्याच्या आणि लसूणघासाच्या शेतात जाळी फिरवून धरतात. पोट रिकामं होईपर्यंत ठेवतात, धुतात, उकळत्या पाण्यातून काढतात. तिथेच त्यांना तो लाल रंग चढतो. मग कोमालवर, म्हणजे मातीच्या तव्यावर, लसूण, लिंबू आणि मीठ घालून कुरकुरीत होईपर्यंत परततात. पिकाचा शत्रू जाळीत जातो आणि घरात चार पैसे येतात. मक्यावर काम करणाऱ्या माणसाने हे सांगितल्यामुळे असेल, पण माझ्या डोळ्यांसमोर टोपलीमागचं शेत उभं राहिलं.

आजींनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवले. तुम्ही म्हणालात, सगळ्यात लहान घे. आधी लिंबू लागलं, मग मीठ, मग लसूण, आणि मग एक सुकं, खमंग काहीतरी, कोवळ्या गवताची आठवण देणारं. एक बारीक पाय दातात अडकला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. तुम्ही तिला एकदाही "खा" म्हणाला नाहीत. आजींकडून गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, घेतलीत, तिच्यावर थोडा आवोकादो पसरलात, वर पाच-सहा चापुलिनेस टाकलेत आणि ती तिच्या हाताशी ठेवून आमच्याशी बोलत राहिलात. तिने आपणहून उचलली आणि अर्धी संपवली. दोनच दिवसांपूर्वी रडलेलं ते मूल, ताई. मुलांना असं हाताशी ठेवून मोकळं सोडायचं असतं, हे मी आई असून तुमच्याकडून शिकले.

त्याच ओळीत पुढे एका बाईकडे चिकाताना होत्या. पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांच्या या पंखवाल्या माद्या. पहिला मोठा पाऊस झाला की पहाटे अंधारात वारुळातून बाहेर पडतात, वर्षातून जेमतेम काही दिवस. लोक रबरी बूट घालून, बादल्या घेऊन वेचायला जातात, कारण वारुळातल्या सैनिक मुंग्या कडकडून चावतात. पंख-पाय काढून त्या भाजायच्या आणि लसूण, मिरचीबरोबर तीन पायांच्या दगडी खलात वाटायच्या. त्या चटणीची चव भाजलेल्या दाण्यांच्या बरीच जवळची, पण तिच्यात एक गडद, मातकट खोली होती. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातला हा सर्वांत चांगला घास.

ह्यांना तुम्ही विटलाकोचे खायला घातलंत. आपण जिला काणी म्हणतो, ती मक्याच्या कणसावरची बुरशी. दाणे फुगून राखाडी झालेले, आत काळाकुट्ट गर. बाकी ठिकाणी शेतकरी असं कणीस उपटून जाळतो, इथे ते चांगल्या कणसाहून महाग विकलं जातं. कांदा, लसूण आणि एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्यात परतून तोर्तियात घातलेलं. ह्यांनी तीन खाल्ले. रविवारी तुम्ही आम्हाला साधारण 30 किलोमीटरवरच्या त्लाकोलुलाच्या बाजारात नेलंत, तिथलं तेहाते नावाचं पेयही त्यांच्याच वाट्याला जास्त आलं. मका, कोको, मामेय फळाची बी आणि कोकोचं फूल म्हणतात ते एक सुगंधी फूल, हे सगळं वाटून त्याचा गोळा एक बाई मोठ्या मातीच्या परातीत पाणी घालत कोपरापर्यंत हात बुडवून मळत होती. हळूहळू वर पांढरट, जाड फेस चढत गेला. आधी तुम्ही पाणी कुठलं वापरलंय ते विचारलंत, मगच आमच्या हातात रंगवलेल्या तुंब्याच्या वाट्या दिल्यात. हेही लिहून ठेवते: कच्चं पाणी घातलेलं पेय असेल, तर पाण्याची चौकशी करायला लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. त्याच दिवशी दुपारी जेवायला बसलो. टेबलावर मेस्काल ही तिथली दारू आली, तिच्याबरोबर संत्र्याच्या फोडी आणि बशीत लालसर मीठ. ह्यांनी फोड उचलून मिठात बुडवली आणि तोंडाशी नेली. तुम्ही वाक्य अर्धवट टाकून त्यांचं मनगट धरलंत. ते मीठ होतं साल दे गुसानो. मागेय या निवडुंगासारख्या झाडातल्या अळ्या वाळवून, भाजून, मिरची-मिठाबरोबर कुटलेलं. त्यात अळी दिसत नाही, वासावरून कळत नाही, आणि तिथे कुणी मुद्दाम सांगतही नाही, कारण तिथे ते सगळ्यांना माहीत असतं. नाकतोडा डोळ्यांना दिसतो, म्हणून आम्ही सावध होतो. मिठाकडे आमचं लक्षच नव्हतं. तुम्ही नसतात तर त्या दुपारी काय झालं असतं, याचा विचार मी परतल्यावर कितीतरी रात्री केलाय.

जेवण झाल्यावर तुम्ही एका कार्डावर स्पॅनिशमध्ये लिहून दिलंत: मला कोळंबीची आणि कीटकांची ॲलर्जी आहे, या पदार्थात, चटणीत किंवा मिठात ते आहेत का? पुढच्या आठ दिवसांत प्रत्येक जेवणाआधी ते कार्ड बाहेर निघालं. दोनदा वाढणाऱ्याने ते वाचून चटणीची वाटी परत नेली.

परतीच्या आधी लेकीने तुम्हाला विचारलं होतं, हे लोक कधीपासून असं खातात? तुम्ही तिला 16 व्या शतकातल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याबद्दल सांगितलंत, ज्याने स्थानिक लोकांच्या मदतीने 12 भागांचा मोठा ग्रंथ लिहून घेतला आणि त्यात खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांचीही नोंद केली. आणि 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अहवालात जगात 1900 हून अधिक प्रकारचे कीटक खाल्ले जातात असं म्हटलंय, हेही. तिने वही काढली, मथळ्यातला 'धाडसी' शब्द खोडला आणि 'वाहाकाचं जून महिन्यातलं खाणं' असं लिहिलं. मी तिला काही सुचवलं नव्हतं.

एक काम तेवढं सांगते. चापुलिनेसवाल्या आजींनी फोटो काढू दिला होता, कारण तुमच्या सांगण्याप्रमाणे आम्ही आधी विकत घेतलं, गप्पा मारल्या आणि मग विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, सगळे काढून नेतात, मला कुणी देत नाही. आम्ही तो मोठा करून छापलाय, त्यांच्या तिन्ही ढिगांसकट. तुमच्या गेस्ट हाऊसच्या पत्त्यावर टाकलाय, मागे लेकीने स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहिल्यात. बाजारात जाल तेव्हा तेवढा त्यांच्या हातात द्याल का?

तुमची,
वहीवाल्या मुलीची आई