पहिलीच्या वर्गात किती मुलं?

संपादक महोदय,

१ नोव्हेंबर, कर्नाटकचा स्थापना दिवस, जवळ आला की बेळगावच्या मराठी पाट्यांच्या बातम्या सुरू होतात. पाटी हवीच. पण इटलीत त्रिएस्तेच्या भौतिकशास्त्र केंद्रात दोन वर्षं होतो तेव्हा जे पाहिलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

शहराच्या वर चुनखडीच्या पठारावर, स्लोव्हेनियाच्या हद्दीला खेटून मोनरुपिनो नावाची चिमुकली नगरपालिका आहे. स्लोव्हेन नाव रेपेन्ताबोर. वस्ती आठ-नऊशे, बहुतेकांच्या घरी स्लोव्हेन. रविवारी आम्ही तिकडे जायचो. रस्त्याकडेला आयव्हीची डहाळी टांगलेली दिसली की समजायचं, त्या शेतकऱ्याचं अंगण आज उघडं आहे. घरची वाइन आणि उकडलेली अंडी मिळणार. एकदा दहा-अकरा वर्षांची मुलगी आमचं बिल करत होती. बेरीज पुटपुटली स्लोव्हेनमध्ये, रक्कम सांगितली इटालियनमध्ये. बेरीज ती शाळेत ज्या भाषेत शिकली, त्याच भाषेत करत होती. गावची प्राथमिक शाळा स्लोव्हेन आहे, आणि सरकारी आहे.

ती आयती मिळालेली नाही. १९२३ पासून फॅसिस्टांनी स्लोव्हेन वर्ग एकेक करत बंद पाडले, आडनावंही बदलली. १९४५ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाखाली त्रिएस्ते भागात शाळा पुन्हा उघडल्या. उदिने शहराकडच्या डोंगरात मात्र नाही. तो मुलूख त्रिएस्तेच्या कितीतरी आधी, १८६६ पासूनच इटलीत. तिथल्या लोकांची बोली म्हणजे स्लोव्हेन नव्हेच, असं सांगितलं जाई. त्याच डोंगरातल्या द्रेन्किया नगरपालिकेत एके काळी हजारावर माणसं होती, आज शंभराच्या आसपास उरलीत. बेल्जियमच्या खाणींत गेलेले कित्येक परतले नाहीत, त्यामुळे सगळा दोष शाळेच्या माथी मारत नाही. पण जे राहिले, तेही मुलांशी इटालियन बोलू लागले. दप्तरात तीच भाषा होती ना!

शेवटी जवळच्या श्पेतर गावात लोकांनीच १९८४ मध्ये स्लोव्हेन-इटालियन द्विभाषिक बालवाडी काढली, १९८६ मध्ये प्राथमिक वर्ग. सरकारनं ती शाळा आपली मानली २००१ च्या कायद्यानं. मधली सतरा वर्षं ती लोकांनी जिवाच्या आकांतानं जपली.

म्हणून विनंती अशी की, यंदा आपला वार्ताहर बेळगावला पाटीचा फोटो काढायला जाईल, तेव्हा त्यानं शेजारच्या मराठी शाळेतही जावं. पहिलीच्या हजेरीपटावर किती नावं आहेत ती मोजावीत आणि तो आकडा पहिल्या पानावर छापावा.

आपला,
एक वाचक, पुणे