आप्पा, आईचा मोगरा वाचला

आप्पा, सा. न.

तुमचा फोन लागत नाही. समोरच्या इमारतीचं काम संपलं, होळी झाली आणि तुम्ही गावाकडे निघून गेलात. त्या दिवशी मी शाळेत होते, भेटसुद्धा झाली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. यावलकडच्या कोणाच्या नजरेला पडलं तर तो तुम्हाला सांगेल आणि नातू वाचून दाखवेल.

आधी बातमी. आईचा मोगरा या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, फुलला. पहाटे गच्चीवर गेले तर जिन्यातच वास आला. घागर पुजायला ओंजळभर कळ्या निघाल्या, आणि वर वेणीपुरत्या उरल्या.

आई गेल्यावर पाचोऱ्याच्या घरातून मी ती एक कुंडी तेवढी आणली होती. दुसरं काही मागितलं नाही. जळगावच्या उन्हात ती जगावी म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालायचे. पानं पिवळी पडली की आणखी घालायचे. कोणीतरी सांगितलं म्हणून मूठभर युरियाही टाकला. फेब्रुवारीपर्यंत फांद्यांचे खराटे झाले. कठड्याजवळ उभी राहून मी रडत होते, ते तुम्ही समोरच्या पहाऱ्याच्या खोलीतून पाहिलंत आणि खालूनच विचारलंत, "काय झालं, माय?"

तुम्ही वर आलात, आणि पानांकडे पाहिलंच नाहीत. कुंडी आडवी केलीत, बुडाला दोन थापा मारल्यात आणि मातीचा गोळा अलगद गोणपाटावर काढलात. वरची दोन बोटं माती उन्हानं भेगाळलेली, खाली निव्वळ चिखल. गटारीसारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढलंत, तर त्याची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा राहिला. "पाने नका देखू, मुयं देखा," असं म्हणालात. बुडाचं छिद्र काळ्या मातीनं लिंपून गेलं होतं. मी पाणी घालत होते आणि ते तिथेच साचत होतं. मुळांना हवाच मिळत नव्हती, म्हणून झाड सुकत होतं, आणि ते सुकतंय म्हणून मी आणखी पाणी घालत होते.

तुम्ही केळीच्या बागांमध्ये सालदारी करण्यात उमर घातलेली. काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत एकटी गेली तर ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, हे तुम्ही मला बोटांनी शिकवलंत. एक पाटी तीच माती, एक पाटी पुरतं कुजलेलं शेणखत, एक पाटी वाळू, आणि वरून भुईमुगाची चुरलेली टरफलं. मूठ आवळायची आणि उघडायची. लाडू झाला पाहिजे आणि बोट टोचलं की फुटला पाहिजे. हे जमेपर्यंत तुम्ही मला तीनदा टरफलं घालायला लावलीत.

कुजलेली मुळं कापलीत, तशाच फांद्याही कापल्यात. माझा जीव वरखाली होत होता. उरलेली मुळं एवढ्या फांद्या कशा पोसतील, असं तुम्ही विचारलंत तेव्हा पटलं. छिद्रावर फुटक्या मडक्याची खापरी पालथी ठेवलीत, एकदा भरपूर पाणी दिलंत आणि कुंडी जिन्याच्या सावलीत नेलीत. मग मला ताकीद दिलीत, "आधी बोट घाल, मंग पानी घाल." दोन पेरं बोट आत जाऊन कोरडं निघालं तरच पाणी. चौथ्या आठवड्यात पहिला कोंब दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा.

गच्चीला तुम्ही धाबंच म्हणायचात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला तेव्हा तुम्ही स्लॅबला हात लावून पाहिलात आणि सगळ्या कुंड्या विटांवर चढवल्यात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून आतली मुळं शिजतात, म्हणून त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलंत. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्यात, पश्चिमेला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधलीत. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा धावत जाऊन पाणी घालायचं नाही, संध्याकाळी ती आपसूक उठतात. टाकीचं पाणी तर चहा होण्याइतकं तापलेलं असतं, ते मुळांवर ओतायचं नाही. रात्री बादल्या भरून ठेवायच्या आणि सूर्य वर यायच्या आत द्यायचं. मी अजून तसंच करते.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कुंडीच्या काठावर धरतो, पानांच्या कडा करपतात, ते क्षारांमुळे हेही तुमच्याकडूनच कळलं. महिन्यातून एकदा खालून पाणी वाहून जाईपर्यंत कुंडी धुऊन काढते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पिंपात पावसाचं पाणी धरून ठेवते. कुंड्यांखालच्या बशा काढून टाकल्या आहेत.

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की तुम्ही म्हणायचात, मुंग्या कुठे चालल्या ते बघ. शेंड्याजवळ कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडायचाच. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्यालाच राखतात. आता मी आधी ओल्या फडक्यानं पुसून काढते. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. भरिताच्या वांग्याची दोन झाडं आहेत, त्यांनाही हेच. मात्र फळ तोडायच्या आदल्या दिवशी नाही.

संक्रांतीनंतर तुम्ही मोगऱ्याची छाटणी माझ्याच हातून करून घेतलीत. पहिली फांदी कापताना कात्री थरथरत होती. तुम्ही बोलला नाहीत, फक्त कुंडी धरून बसलात. जुनी पानं ओरबाडून काढली, थोडं पाणी तोडलं, मग शेणखताची ओंजळ दिली. त्याच फांद्यांवर या कळ्या आल्या.

आखाजी म्हणजे सासुरवाशिणीनं माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं. माझं पाचोऱ्याचं घर आता बंद आहे. त्या सकाळी धाब्यावर बसले होते, वेणी गुंफली, आणि आई हयात असताना माहेरी बसायचे तशी दिवस चांगला वर येईपर्यंत बसून राहिले. माझ्या शाळेतला पगार, माझं शिक्षण, या कशातून मला ती सकाळ मिळाली नसती. ती तुम्ही दिलीत. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच घेतलात. तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू, मला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात तुम्ही एक फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत दाबली होती, आठवतं? तिला मुळं फुटली आहेत. मी आईच्या झाडापासून तोडून ती वेगळी केली. सहा पानं आहेत, रंग चांगला हिरवागार. हे रोप तुमच्या अंगणासाठी आहे. उन्हं उतरली, पहिला पाऊस झाला की यावलच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देईन. स्टँडवर कोण घ्यायला येईल, तेवढं कळवा.

तुमची,
समोरच्या धाब्यावरची माय