राजीनामा देण्याआधी

प्रिय मित्रा,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि पुन्हा वाचलं. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं असं तुला वाटतंय. रविवारी उपासनेत भरून आलेलं मन सोमवारी कार्यालयाच्या दारातच रितं होतं आणि आठवडाभर आपण ख्रिस्ती असल्याची खूणही कुठे दिसत नाही, हे तुझं दुःख. तू होकार मागितलेला नाहीस, पण पत्राच्या ओळीओळीतून तोच मागतो आहेस. तो इतक्यात देत नाही. आधी थोडं भांडून घेतो.

लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या परिसरात लोकांना पश्चात्तापाची हाक देतोय, आणि सुरुवातच ‘सापाच्या पिल्लांनो’ अशी. लोक हादरतात आणि विचारतात, मग आम्ही करायचं तरी काय? आता हा माणूस काहीतरी प्रचंड मागणार असं वाटतं. तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर नसलेल्याला एक द्या. जकातदारांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना. बस्स, एवढंच. स्वतः टोळ आणि रानमध खाऊन अरण्यात राहिलेला हा माणूस त्यांच्यातल्या कुणालाही ‘चल अरण्यात’ म्हणत नाही. जकातदाराला लोक पापी समजत, तरी त्यालाही तो नाका सोड म्हणाला नाही. त्याच नाक्यावर उद्यापासून नीट वाग, इतकंच म्हणाला. मला तर हेच जास्त अवघड वाटतं. नाका सोडायला एक दिवस पुरतो.

येशूने बोलावताच जकातदार लेवी नाका सोडून उठला की, असं तू लगेच ऐकवशील. उठला, कबूल. पण जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाचं काय? त्याने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ केली, फसवलेल्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. पण त्याने धंदा सोडला असं लूक कुठे लिहीत नाही. खुद्द प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करण्याचं काम करत होता. तेव्हा बोलावणं दोन्हीकडचं असू शकतं. फक्त सोमवारचा कंटाळा आला म्हणून त्याला बोलावणं समजू नकोस.

कार्यालयात विश्वास दाखवायला वावच नाही, असं लिहितोस. टेबलावर वचनाची पाटी ठेवू का, असंही विचारतोस. ठेव बापडा, माझी हरकत नाही. पण त्याच पत्रात खाली तू सहज लिहून गेलास की तपासणी न झालेल्या कामाच्या अहवालावर वरिष्ठ तुझी सही मागताहेत आणि तू ‘बघू’ म्हणून वेळ काढतो आहेस. अरे, आणखी कसला वाव हवा तुला? तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, हे प्रभूने कुणासाठी सांगितलं? तपासणी झालेली नाही, झाली की सही करतो, असं सरळ लिहून दे. उपदेश नको, त्रागा नको, वचनं तर अजिबात नकोत. बढती लांबेल कदाचित. ते मी हलक्यात घेत नाही, घर चालवायचं असतं. पण ती पाटी ठेवायचीच असेल तर आधी हा कागद जाऊ दे, नाहीतर लोक पाटीही वाचतील आणि अहवालही.

एक टोचणारं लिहितो, राग मानू नकोस. ‘जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा’ हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन तुला पाठ आहे आणि हाताखालच्या मुलांना तू ते ऐकवतोसही. ते दासांना उद्देशून आहे. त्याच्या जरा पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, पौल धन्यांकडे वळतो: दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. ही ओळ आपल्या मंडळ्यांमधून जरा कमीच ऐकू येते, नाही का? आणि शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात नीट वाच. तू विसावा घे एवढंच तिथे नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, सगळ्यांना विसावा मिळावा असं आहे. तू रविवारी उपासनेला बसतोस आणि बाकावरूनच त्या मुलांना कामाचे निरोप धाडतोस, हे तूच मागे हसत सांगितलं होतंस. आठवड्यात श्रद्धेची खूण शोधतोयस ना? तो फोन बंद ठेवून बघ. तुझ्या आधी त्यांना कळेल.

आणि पूर्णवेळ सेवेत सोमवार नसतो, असं तुला कुणी सांगितलं? 17व्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेली या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स होता. आधी सैनिक होता, जखमी होऊन लंगडा झाला. सगळं सोडून देवासाठी मठात आला, आणि हाती काय आलं? स्वयंपाकघर! त्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तरी तो तिथे वर्षानुवर्षं राबला, आणि भांड्यांच्या खडखडाटातही देव वेदीपाशी असतो तितकाच जवळ आहे, असं सांगण्याइतका तिथे रुळला. 1691 साली तो वारला. लोक अजून त्याचं नाव काढतात ते त्या स्वयंपाकघरामुळे. तो तिटकारा पहिल्याच दिवशी गेला नसणार, एवढं मात्र ध्यानात ठेव.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ते. तुझा भाऊ.

वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून तुमचं बोलणं बंद आहे. चूक त्याचीच, असं तू म्हणतोस, असेलही. कोण बरोबर हे मी ठरवत नाही. वाटणीचा तंटा घेऊन एक जण प्रभूकडे आला होता, तेव्हा त्यानेही न्यायाधीश व्हायला साफ नकार दिला आणि लोभापासून सांभाळा म्हणाला. पण डोंगरावरच्या प्रवचनातली ती गोष्ट घे: वेदीवर अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलातले लोक. वेदी यरुशलेमेत, त्यांच्या गावांपासून काही दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे अर्पण तिथेच टाकून उलट घरची वाट धरायची, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या डोक्यात हा हिशेब लगेच आला असेल. आणि बघ, तुझ्या मनात भावाविषयी काय आहे हे तिथे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात काय आहे, हे विचारलंय.

तू सगळं आयुष्य अर्पण करायला निघाला आहेस. मोठं अर्पण आहे, मला कौतुक आहे त्याचं. पण ते घेऊन वेदीपाशी आलास आणि पत्रात भावाचा विषय आपणहून काढलास, मी विचारलंही नव्हतं. मग आधी जा. वाटणीचे कागद नेऊ नकोस आणि ‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नकोस. त्याने क्षमा मागितलेलीच नाही, तेव्हा ते त्याला शिवीसारखं लागेल. कसा आहेस, एवढं विचार. दार लावून घेतलं त्याने, तर परत ये आणि काही दिवसांनी पुन्हा जा.

पाळकांशीही बोल, पण त्यांना भावाचं आणि सहीचं दोन्ही सांग. फक्त सेवेची हाक सांगितलीस तर ते बिचारे आनंदाने प्रार्थनाच करतील. आणि हो, एवढ्या लांब पत्रात वहिनींचं याबद्दल काय म्हणणं आहे, याची एकही ओळ नाही. त्यांना विचारलंस का? पुढच्या पत्रात आधी ते लिही.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र