पिन की बिन

महाल, नागपूर

प्रिय अव्या,

सात महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या घालायच्या तर घाल बे, पण आधी हे वाच. माझी शुगर ठीक, गुडघे कुरकुरतात, सुमन मजेत.

आमच्या चिंगीला मिहानमधल्या कंपनीत इंग्रजी कॉल घ्यायची नोकरी लागली, हे तुला ठाऊक आहेच. परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर पोट्टी आरशासमोर उभी! ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'पेपर, पेपर' म्हणून राहिली. मला वाटलं, बाहेरचं काही लागलं. म्हणे, पट्टी हलली पाहिजे. कॉलवरच्या साहेबाला तिचा 'पिन' 'बिन' ऐकू येतो. शब्दाच्या सुरुवातीचा प ते लोक फुंकर मारून बोलतात. आपल्याकडे फुंकर फ साठी राखून ठेवलेली, म्हणून प कोरडा. ट चंही तेच. त्यांची जीभ दातांमागच्या हिरडीला टेकते, आपली वळून टाळूकडे जाते.

अव्या, तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरीचा प माझाच की! मी तो ज्यांच्याकडून घेतला, ते आपले छडीवाले सर उमरेडच्या पुढे कधी गेले नव्हते. तू तरी वर्गात मागे बसून डबा खायचास, म्हणून वाचलास.

मागे बुल्डीवर तर्री-पोहे खाताना तूच सांगितलं होतंस. १७८८ मध्ये तुमच्या सिडनीला कैद्यांची जहाजं लागली. आईबापांचे सूर नाना ठिकाणचे, पण तिथली पोरं एकत्र खेळली नि त्यांनी आपला एक सूर काढला. म्हणून तुझा नातू दुपारला 'आर्वो' म्हणतो आणि त्याला कोणी आरशासमोर उभं करत नाही. आपलं इंग्रजी अंगणात कुठे वाढलं? फळ्यावर वाढलं. दिसलं ते वाचलं, म्हणून इंग्रजांसारखा 'कार' मधला र गिळायचं आपल्याला कधी सुचलंच नाही. (हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तो पाद्री स्कॉटलंडचा, आणि र तिकडेही गिळत नाहीत. वारसा म्हण हवं तर.) बाकी ओतलं ते मराठीच. 'आय ॲम हिअर ओन्ली' मधला 'ओन्ली' म्हणजे 'इथंच' मधला च, दुसरं काय? शाळेत त्यावर मी लाल रेघ मारायचो आणि घरी तेच बोलायचो.

'प्रीपोन' आठवतो का, 'पोस्टपोन'च्या उलटा? असा शब्दच नाही म्हणून तू चिडवलंस आणि मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. आता तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे बे. चहा तुझ्याकडे बाकी.

पण कोशात जाऊन पोरीची नोकरी होत नाही ना. चिंगी म्हणते, 'बाबा, एवढं काय, कामापुरतं आहे.' तिला काही वाटत नाही, हेच मला टोचून राहिलं. काल घरात कोणी नव्हतं, तेव्हा मीच पट्टी धरली. 'पेपर' म्हटलं, ढिम्म. जोर लावून 'फेपर' म्हटलं, तर पट्टी उडून नाकाला चिकटली. वळून पाहतो तर सुमन भाजीची पिशवी घेऊन दारात.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? नवं घर झालं म्हणे, फोटो पाठव.

आणि नातवाकडून एकदा 'पिन' म्हणवून घे, रेकॉर्ड करून धाड. चिंगीला सांगू नको.

तुझा,
बंड्या