हिमनदीचे जिवाणू आणि मराठवाड्याचा उन्हाळा

संपादक महोदय,

हिमनद्यांतील जिवाणूंवरचा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख माहितीपूर्ण होता. मात्र त्यांच्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे, गार पाण्यात कपडे धुणे मराठवाड्यातही सोपे होईल, हे काही पटले नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या पुढे जातो, गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. गार पाणी आणायचे कुठून? शिवाय अशा पावडरींतले विकर बहुतेक वेळा हिमनदीचे नसतेच; मातीत सापडणाऱ्या बॅसिलस जिवाणूच्या विकरात फेरफार करून ते घडवलेले असते.

शीतप्रेमी जिवाणूंच्या विकराची घडण सैल असते. आतले बंध कमी, ताठरपणा आणणारे प्रोलिन हे अमिनो आम्ल कमी. म्हणून ते ५-१० अंशांतही काम करते आणि म्हणूनच बरेचदा ४०-५० अंशांत उलगडून निकामी होते. अर्थात गावावरून स्वभाव ठरवू नये. कॅन्डिडा अंटार्क्टिका हे यीस्ट अंटार्क्टिकातले, पण त्याचे लायपेज-बी हे चरबी फोडणारे विकर कारखान्यांत ६० अंशांनाही वापरतात.

आपल्या महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प होतात, त्यांची गाडी अडते ती प्लेट ओततानाच, म्हणजे जिवाणू वाढवायला बशीत आगर (थिजणारे पोषक माध्यम) ओतताना. ४५ अंशांच्या पातळ आगरमध्ये नमुना मिसळला की खरे शीतप्रेमी तिथेच संपतात. २० अंशांच्या वर ते वाढतच नाहीत. आगर थिजू द्यावे, प्लेट फ्रीजमध्ये गार करावी, मग ०.१ मिली नमुना वर पसरावा. सलाइन, पिपेटची टोके, पसरायची काचकांडी, सगळे थंड हवे. ज्योतीतून काढलेली कांडी लगेच टेकवू नये. बर्फाचा बाहेरचा थर खरवडून टाकावा, कारण हाताळणाऱ्यांचे जंतू त्यावरच असतात. आतला भाग ४ अंशांत सावकाश वितळू द्यावा. माध्यम नेहमीच्या दहापट पातळ ठेवावे. उपाशी सवयीच्या जिवाणूंना भरलेले ताट मानवत नाही. प्लेट्स ४ आणि १५ अंशांना तीन आठवडे ठेवायच्या असल्याने आगर सुकते. १५ऐवजी २५ मिली ओतून कडा पॅराफिल्मने, म्हणजे मेणासारख्या ताणता येणाऱ्या पट्टीने, बंद कराव्यात. बाहेरचे जंतू शिरले का हे कळायला नमुना न लावलेल्या दोन-तीन प्लेट्सही सोबत हव्यातच.

साधा इनक्युबेटर, म्हणजे प्लेट्स ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी, फक्त तापवतो. इथे कॉम्प्रेसर असलेला बीओडी इनक्युबेटर लागतो, आणि दुपारी वीज गेली की खोलीचा उकाडा त्यातही शिरतो. शीतप्रेमी मरतात, नुसते थंडी सोसणारे तगतात आणि प्रकल्पाच्या वहीत तेच हिमनदीचे रहिवासी म्हणून नोंदले जातात. आत कमाल-किमान तापमापक ठेवला तर निदान हे कळते तरी.

या विकरांची आपल्याकडची खरी जागा दूध शीतकरण केंद्रात आहे. दुधात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे अनेकांना न पचणारी दुधातली साखर, असते. ते कोमट दुधात फोडत बसले तर दूध नासायची धास्ती. गारठ्यात लॅक्टोज फोडणारे बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे विकर रात्रभर शीतटाकीतच घालून ठेवता येते आणि पाश्चरायझेशनच्या ७२ अंशांत ते निकामी होते. पण त्याच टाकीत स्यूडोमोनास हा जिवाणूही ४ अंशांना वाढतो, आणि त्याचे प्रोटीएज, म्हणजे प्रथिने फोडणारे विकर, उलट चिवट. पाश्चरायझेशनच काय, यूएचटीची (खोक्यातल्या दुधासाठीच्या अतिउच्च तापमानाची) उष्णताही ते बरेचसे पचवते, मग खोक्यातले दूध काही आठवड्यांनी कडवट होते किंवा जेलीसारखे घट्ट. तापवून ते जात नाही. टाकीची तोटी सुटी करून वॉशरसकट रोज घासून धुणे, हाच त्यावरचा इलाज.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे काही शिक्षक, परभणी