सूर्य मावळण्याआधी

महोदय,

मजूर अड्ड्यावरून कामाला नेलेल्या माणसांची मजुरी दिवसेंदिवस कशी अडकून पडते, याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि ओशाळलो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कंपाउंडची भिंत बांधली, तेव्हा मीही तेच केले. गवंड्याच्या हाताखाली एक बिगारी बाई होती. संध्याकाळी घमेले धुऊन, डब्याची पिशवी काखेत घेऊन ती फाटकापाशी उभी राहिली. "सुटे नाहीत, मुकादमाला ऑनलाइन पाठवतो, उद्या त्याच्याकडून घ्या," असे म्हणून मी आत आलो. ती काही बोलली नाही, पण लगेच निघालीही नाही.

मी ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक, रविवारची उपासना सहसा चुकवत नाही. तरी बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चोविसावा अध्याय मला आठवला तो बाई गेल्यावर. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. तो गरीब आहे, त्याचा सारा जीव त्या पैशात असतो, हे कारणही दिले आहे. मजूर भाऊबंदांपैकी असो की परमुलखातला, नियम तोच. आमच्या अड्ड्यावर मराठवाड्यातले आणि बिहारचे लोक उभे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

त्याच अध्यायात जात्याबद्दलही आहे. कुणाचे जाते गहाण घेऊ नये, नुसती वरची तळीसुद्धा नाही. ते जीवच गहाण घेतल्यासारखे आहे. पहाटे आईला दळताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे समजावायला प्रवचनकार लागत नाही. वरची तळी नेली की खाली उरतो तो दगड. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर दिवस मावळताना परत करायचे, कारण रात्री तो तेच अंगावर घेतो. शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचे नाही. ती उपऱ्याची, पोरक्याची, विधवेची. आमच्या बायबलात रूथ ही परदेशी विधवा सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली कणसे, वेचते तो याच रिवाजाच्या आधारावर. यातल्या कशालाच कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला तर सरळ मजूर अड्ड्याचाच आहे. दिवस कलला तरी माणसे चौकात उभी, कारण कुणी कामाला लावलेच नाही. शेवटी आलेल्यालाही मालक पुरा एक दिनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, देतो. यावर देवाच्या कृपेविषयी मी निदान वीस प्रवचने ऐकली असतील, आणि ती चुकीची नाहीत. पण संध्याकाळ होताच मालकाने कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगितली, या वाक्यावर कुणी थांबलेले मला आठवत नाही. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते.

मुकादमांनाच दोष देऊन भागणार नाही. घरमालकाने दिले नाहीत तर मी कुठून देऊ, असे ते म्हणतात तेव्हा पुष्कळदा खरेच बोलत असतात. आपल्या बातमीदाराने पुढच्या वेळी अड्ड्यावरून थेट आमच्या कॉलनीत यावे.

त्या बाईला पैसे तिसऱ्या दिवशी मिळाले. मुकादमाने त्यातले काही कापले का, हे विचारायचे मी टाळले.

— एक वाचक, अहिल्यानगर